किमान व्हर्जन वाढवायचं, पण कुणाच्या जिवावर?

एका मेंटेनरने (सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने) मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पायथनमध्ये लिहिलेलं एक कमांड-लाइन टूल आणि त्याची लायब्ररी, दोन्ही मुक्तस्रोत. सध्या किमान पायथन ३.८ लागतं. टीममधल्या एकाने ही अट थेट ३.११ वर नेणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) टाकली आहे. कारणं चार दिली आहेत: कोड स्वच्छ होईल, ३.११ वेगवान आहे, महत्त्वाच्या डिपेंडन्सींनी (ज्यांच्यावर आपला कोड उभा आहे त्या लायब्ररींनी) ३.८ चा सपोर्ट काढलाय, आणि जुन्या व्हर्जनच्या टेस्ट सांभाळणं जिवावर येतं. दुसऱ्या बाजूला काही वापरकर्ते आहेत, ज्यांचे सर्व्हर जुने आहेत आणि बदलणं त्यांच्या हातात नाही. मग सोय वापरकर्त्याची बघायची की डेव्हलपरची?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: ३.८ सोडा, ३.९ सुद्धा सोडा, पण ३.११ वर उडी मारू नका, ३.१० वर थांबा. हे का, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडे उद्या पायथनऐवजी जावा, रस्ट किंवा एखादी सी लायब्ररी असेल, तेव्हाही हिशोब असाच मांडावा लागणार आहे.

अपग्रेडच्या चर्चेत दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळली जातात. एक म्हणजे आपलं सॉफ्टवेअर नव्या व्हर्जनवर चालायला लावणं. दुसरं म्हणजे जुन्या व्हर्जनवर ते चालणं बंद करणं. पहिलं काम लवकर आणि नियमित करावं, त्यात वाद नाही. त्याचा खर्च तुमचा, फायदा सगळ्यांचा. दुसऱ्या कामात मात्र फायदा तुमचा असतो आणि खर्च परक्याच्या माथी पडतो. म्हणून कारणं तपासताना प्रत्येकाला विचारायचं: हा फायदा नवं चालवल्याने मिळतो, की जुनं बंद केल्याने?

तुमच्या यादीतलं वेगाचं कारण इथेच गळतं. पायथन ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान आहे, असं पायथनच्या अधिकृत नोंदींतच आहे. पण जो ३.११ वर चालवतो त्याला तो वेग आजही मिळतोय. किमान अट ३.८ ची आहे म्हणून त्याचं काहीच हळू होत नाही. अट वाढवून कुणाचंही एक मिलिसेकंद वाचत नाही.

‘कोड स्वच्छ होईल’ या कारणाला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण त्यात खरं आणि हौशी दोन्ही असतं. अशी पुल रिक्वेस्ट आली की मी ती दोन भागांत मागतो. पहिल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) फक्त किमान व्हर्जनची ओळ बदलायची. दुसऱ्यात त्यामुळे जो कोड आता नकोसा झाला तो काढायचा. मग दुसरा कमिट उघडून बघायचं की ओळी पुसल्या गेल्यात की नुसत्या नव्याने लिहिल्या गेल्यात. जुन्या व्हर्जनसाठी ठेवलेली जोडाजोडीची फाइल गेली, ‘हे मिळालं नाही तर ते आयात कर’ असे फाटे गेले, एकाच गोष्टीच्या दोन-दोन टेस्ट गेल्या, तर तो खरा फायदा. तिथे बग लपायच्या जागा कमी झाल्या. पण चांगली चालणारी इफ-एल्सची माळ काढून तिथे मॅच स्टेटमेंट (त्याच कामाची नवी रचना) लिहिलं असेल, तर ती आवड झाली. आवड असायला माझी हरकत नाही, पण तिच्यासाठी दुसऱ्याचा सर्व्हर बंद पाडायचा नसतो.

तुमच्या बाबतीत हे तपासलं तर गंमत दिसते. मॅच ३.१० मध्येच आलं. टाइपमध्ये उभी रेघ वापरून ‘हा किंवा तो’ लिहिण्याची सोयही ३.१० चीच. ३.११ मधलं तुम्हाला हवंय ते मुख्यतः टॉमल (सेटिंग लिहिण्याची) फाइल वाचणारं मॉड्यूल, आणि त्याच इंटरफेसची टॉमली नावाची छोटी लायब्ररी जुन्या पायथनवर मिळते. ‘पायथन ३.११ पेक्षा जुना असेल तरच ही बसव’ अशी अट डिपेंडन्सीच्या यादीत लिहिता येते. कोडमध्ये चार ओळींचा फाटा राहतो. चार ओळी वाचवण्यासाठी उबुंटू २२.०४ ही लिनक्स वापरणारे सगळे बाहेर काढायचे का? तिथे सिस्टीमचं पायथन ३.१० आहे.

उरली दोन कारणं, आणि ती मात्र वजनदार आहेत. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं १.२४ हे ३.८ चालवणारं शेवटचं मालिका-व्हर्जन. नमपाय २.० आलं जून २०२४ मध्ये, आणि त्याला किमान ३.९ लागतं. म्हणजे ३.८ ठेवायचं तर तुमचा कोड १.२४ वरही चालला पाहिजे आणि २.० वरही, आणि २.० मध्ये जुन्या बऱ्याच गोष्टी काढल्या किंवा बदलल्या आहेत. हे ओझं तुमच्या आवडीचं नाही, ते बाहेरून आलेलं आहे, आणि दर महिन्याला वाढतं. त्यात पायथन ३.८ चा सुरक्षा-सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्या व्हर्जनलाच कुणी दुरुस्त करत नाही त्याच्यासाठी तुम्ही रात्री जागायची गरज नाही. टेस्टच्या कटकटीला लोक आळस म्हणतात. मला ते पटत नाही. मेंटेनरचा वेळ हा वापरकर्त्यांच्याच कामाचा असतो: जुन्या व्हर्जनवरच्या एका विचित्र बगमागे गेलेली संध्याकाळ म्हणजे इतर सगळ्यांसाठी न झालेली एक दुरुस्ती.

आता ‘खर्च परक्याच्या माथी’ म्हणजे नेमकं काय, ते एका घटनेतून बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजचं ३.४ व्हर्जन आलं. त्यात पहिल्यांदाच बिल्डसाठी, म्हणजे सोर्स कोडमधून चालणाऱ्या फाइली बांधण्यासाठी, रस्ट भाषेचा कंपायलर लागू लागला. हेतू उत्तम होता. बाहेरून आलेला अविश्वासू डेटा सी भाषेत वाचताना मेमरीचे घोटाळे होतात, ते टाळायचे होते. हा फायदा डेव्हलपरचाही होता आणि वापरकर्त्याचाही. बहुतेकांसाठी तयार बांधलेल्या फाइली होत्या, त्यांना काही कळलंही नाही. पण अल्पाइन लिनक्सची सी लायब्ररी वेगळी, मसल. तिच्यासाठी तयार फाइली नव्हत्या, म्हणून तिथे सोर्समधून बिल्ड सुरू झाला आणि रस्ट नाही म्हणून फुटला. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरच्या जुन्या व्हर्जनला नव्या पद्धतीच्या तयार फाइली ओळखताच येत नव्हत्या, तिथेही तेच. अल्फा किंवा एचपी-पीए अशा जुन्या प्रोसेसरवर तर रस्ट पोहोचलेलीच नव्हती.

यात खरा धडा रस्टचा नाही. ज्यांचे बिल्ड फुटले त्यांच्यातल्या अनेकांना आपण क्रिप्टोग्राफी वापरतो हेच माहीत नव्हतं. त्यांनी ॲन्सिबल किंवा सर्टबॉट यांसारखं सर्व्हर सांभाळायचं टूल बसवलं होतं, आणि त्याच्या पोटात हे पॅकेज होतं. तुमची सूचना, तुमचा बदलांचा आढावा, तुमची सहा महिन्यांची पूर्वकल्पना, यांतलं काहीही अशा माणसापर्यंत पोहोचत नाही. त्याला पहिली बातमी मिळते ती लाल झालेल्या बिल्डमधून. म्हणून लायब्ररीचा मेंटेनर ‘आम्ही आधी सांगितलं होतं’ म्हणतो तेव्हा ते खरं असतं आणि बिनकामाचंही. त्या टीमने पुढे जे केलं ते जास्त कामाचं होतं: ३.४ मध्ये रस्ट टाळण्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीममध्ये लावायची सेटिंग) ठेवलं होतं, आणि त्याच वर्षी आलेल्या ३५.० मध्ये ती पळवाट बंद करताना मसलसाठीही तयार फाइली दिल्या. वाट बंद करण्याच्या वेळीच पर्यायी वाट उघडली.

दुसरी घटना २०२४ च्या सुरुवातीची. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरचं १.८६ आलं. त्यात दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागासाठी नोड १८ (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वापरलं होतं, आणि त्याला जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ लागतं. सेंटओएस ७ या लिनक्सवर जीलिबसी २.१७, उबुंटू १८.०४ वर २.२७. एडिटर आपोआप अपडेट होतो. लोकांनी सकाळी लॅपटॉप उघडला आणि ज्या सर्व्हरवर काल काम करत होते तिथे जोडणीच होईना. सर्व्हर त्यांच्या मालकीचा नसतो, तो संस्थेच्या आयटी विभागाचा. काही दिवसांतच १.८६.१ काढून जुन्या सिस्टीमवर इशारा दाखवून जोडणी चालू ठेवली गेली आणि १२ महिन्यांची मुदत दिली गेली.

यात चूक कुणाची, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. उबुंटू १८.०४ चा मोफत सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला होता. सेंटओएस ७ ला मात्र ३० जून २०२४ पर्यंत सपोर्ट होता, म्हणजे ते वापरणारे नियमाने वागत होते. माझा आक्षेप नोड १८ घेण्याला नाही. आक्षेप असा की बदलाचा क्षण वापरकर्त्याने निवडला नव्हता. किमान अट वाढवणं आणि आपोआप अपडेट एकत्र आले की वापरकर्त्याच्या हातात काहीच उरत नाही. लायब्ररीचं ठरावीक जुनं व्हर्जनच हवं असं निदान लिहून ठेवता येतं. स्वतःहून बदलणाऱ्या प्रोग्रामला आधी तपासता आलं पाहिजे की ही सिस्टीम चालेल का, आणि चालत नसेल तर जुन्यावरच थांबून तसं सांगता आलं पाहिजे. विंडोज ७ आणि ८.१ साठी फायरफॉक्सने ११५ ची ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) शाखा वेगळी चालू ठेवली, ती याच जातीची.

म्हणून तुम्ही काय बनवता यावर उत्तर बरंच बदलतं. तुमच्याच सर्व्हरवर चालणारी सेवा असेल तर आतल्या डिपेंडन्सी कधीही बदला, वापरकर्त्याला फरक पडत नाही (ब्राउझरकडे पाठवलेला कोड सोडून, तिथे जुने फोन असतात). स्वतंत्र ॲप्लिकेशन असेल तर रनटाइम (इथे पायथन) सोबतच द्या, म्हणजे अर्धा वादच संपतो. डाउनलोड फुगतो आणि आतल्या रनटाइमचे सुरक्षा-अपडेट तुमच्या गळ्यात येतात, तेवढी तयारी हवी. लायब्ररीला हा पर्याय नाही. ती दुसऱ्याच्या घरात राहते, म्हणून तिने सगळ्यात सावकाश चालावं. तुमच्याकडे टूल आणि लायब्ररी दोन्ही एकाच पॅकेजमध्ये आहेत, आणि मला वाटतं निम्मं भांडण त्यामुळेच आहे. टूल वेगळ्या पॅकेजमध्ये काढलंत तर त्याची अट वेगळी ठेवता येईल.

एक युक्तिवाद मेंटेनर मंडळी नेहमी करतात: ज्याने जाणूनबुजून जुनी सिस्टीम निवडली त्याला तुमचं जुनं व्हर्जनही चालेल. त्याला जुनंपण हवंच आहे, मग नवं का द्यायचं? हे बहुतांशी बरोबर आहे, आणि तुमच्या तक्रार करणाऱ्या वापरकर्त्यांनाही मी हेच विचारेन: तुम्हाला नव्या व्हर्जनमधलं नेमकं काय हवंय? बऱ्याचदा उत्तर ‘काही नाही, फक्त इन्स्टॉल होऊ दे’ असं येतं. पण हा युक्तिवाद सुरक्षेच्या दुरुस्तीपाशी अडतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघड झालं. लॉगफोरजे २ ने तोवर किमान जावा आधी ७ आणि मग ८ केलं होतं, म्हणजे जुन्या जावावरचे लोक मागच्या शाखांवर अडकले होते. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत २.१५.० मध्ये आली, आणि मग जावा ७ साठी २.१२.२ आणि जावा ६ साठी २.३.१ वेगळे काढावे लागले. किमान अट वाढवताना शेवटच्या जुन्या शाखेवर अशी दुरुस्ती आणता येईल का, आणि किती महिने, हे आधी ठरवा. ‘सहा महिने, फक्त गंभीर सुरक्षा-दोष’ एवढं लिहिलं तरी पुरतं. आणि लिहिलंत तर ती शाखा आजच एकदा बिल्ड करून बघा. दीड वर्षाने तिची बिल्ड यंत्रणाच उठत नाही आणि मग दोन ओळींच्या दुरुस्तीला आठवडा जातो.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ‘वापरकर्ता पहिला’ म्हणत सगळंच लांबवणाऱ्या टीमही असतात. जीटीके ही खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी; तिचं ३ आलं फेब्रुवारी २०११ मध्ये. चित्रं संपादित करणाऱ्या जिम्पचं त्यावर आधारलेलं ३.० आलं मार्च २०२५ मध्ये. जीटीकेचा जन्मच जिम्पसाठी झाला होता, हे लक्षात घेतलं तर हसावं की रडावं कळत नाही. मधल्या काळात जीटीके २ चा सपोर्ट डिसेंबर २०२० मध्ये संपला, आणि जास्त घनतेच्या स्क्रीनवर बारीक दिसणारी बटणं वापरकर्त्यांनी सोसली. इथे न केलेल्या अपग्रेडची किंमत वापरकर्त्यानेच मोजली. त्यामागे माणसं कमी असणं वगैरे बरीच कारणं होती, मी कुणाला नावं ठेवत नाही. सांगायचं एवढंच की थांबणं फुकट नसतं, आणि उडी जितकी लांब तितके प्लगइन (इतरांनी लिहिलेले जोड-भाग) एकदम तुटतात.

घाईचाही तोटा असतोच. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये पेरलेला मागचा दरवाजा (छुपा प्रवेशमार्ग) मार्च २०२४ अखेर उघडकीला आला, तेव्हा डेबियन लिनक्सच्या स्टेबल (सावकाश बदलणाऱ्या) शाखेवाल्यांकडे ती व्हर्जन पोहोचलीच नव्हती. साध्या अपग्रेडला थोडे दिवस मुरू द्यावं, सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र नाही.

आता यांत्रिक बाजू, कारण अर्धा त्रास इथे वाचतो. किमान अट वाढवणं हा तोडणारा बदल मानून व्हर्जनचा मोठा (पहिला) आकडा बदलायचा का, यावर कायम वाद असतो. माझा निकष सोपा आहे: पॅकेज मॅनेजर जुन्या वापरकर्त्याला आपोआप जुनं व्हर्जन देत असेल तर मधला आकडा वाढवून भागतं. देत नसेल तर मोठा आकडा बदला. पायथनमध्ये पॅकेजच्या माहितीत किमान पायथन लिहिता येतं आणि पिप ९ पासून, म्हणजे २०१६ च्या अखेरीपासून, पिप ते वाचून योग्य ते जुनं व्हर्जन निवडतो. आयपायथन या प्रोजेक्टने २०१७ मध्ये पायथन २ सोडलं ते याच सोयीच्या भरवशावर. मात्र ही ओळ रिलीजच्या आधी बरोबर हवी, कारण पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) चढवलेली फाइल नंतर सुधारता येत नाही. ती मागे घेऊन नवं रिलीज काढावं लागतं. रस्टमध्ये कार्गोला (तिथल्या पॅकेज मॅनेजरला) ही समज जानेवारी २०२५ मध्ये १.८४ सोबत आली. गो भाषेत उलटा धोका आहे: १.२१ पासून गो-मॉड फाइलीतली गो व्हर्जनची ओळ ही पक्की अट आहे. लायब्ररी लिहिणारा स्वतःच्या यंत्रावरचं ताजं व्हर्जन तिथे सहज टाकतो आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना विनाकारण वर ढकलतो. पुल रिक्वेस्टमध्ये ती एक ओळ बदललेली दिसली की मी तिथे थांबतो.

किती लोक जुन्यावर आहेत ते मोजायला पायपीआयचे डाउनलोडचे आकडे पायथनच्या व्हर्जननुसार मिळतात. ते बघा, पण जपून. सीआयमधली (आपोआप टेस्ट चालवणारी) यंत्रं दिवसातून शेकडो वेळा तेच पॅकेज ओढतात, म्हणून त्यांचा आवाज मोठा दिसतो. बंद नेटवर्कमधली संस्था एकदा आपल्या आरशात (स्थानिक प्रतीत) घेते आणि हजार यंत्रांवर बसवते, ती एकच दिसते. जुन्या सिस्टीमवाले मुळातच क्वचित इन्स्टॉल करतात. आकडा लहान आहे म्हणून माणसं कमी आहेत असं समजू नका. त्यापेक्षा लिनक्सच्या मोठ्या वितरणांमध्ये काय आहे ते बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं: डेबियन १२ वर ३.११, उबुंटू २२.०४ वर ३.१०, आरएचईएल (रेड हॅटची लिनक्स) ९ वर ३.९.

तर तुमच्यासाठी हे करा. सध्याच्या शाखेतून ३.८ वरचं शेवटचं रिलीज काढा, त्याचा आकडा वाचा-फाइलीत (रीडमीत) ठळक लिहा, आणि सहा महिने गंभीर दुरुस्त्यांसाठी शाखा उघडी ठेवा. पुढच्या रिलीजला किमान ३.१० करा. आरएचईएल ९ वर सिस्टीमचं पायथन ३.९ असलं तरी तिथे ३.११ आणि ३.१२ अधिकृत रिपॉझिटरीतून सोबत बसवता येतात, ती आज्ञा इन्स्टॉलच्या पानावर द्या. टॉमलीचा चार ओळींचा फाटा राहू द्या. ‘३.१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल, त्यानंतरच्या पहिल्या रिलीजला ३.११’ हे आत्ताच लिहून टाका. नमपायने २०१९ मध्ये स्वतःसाठी असंच वेळापत्रक ठरवलं, पायथनची मागच्या ४२ महिन्यांतली व्हर्जन सांभाळायची असं, आणि तेव्हापासून दर वेळी नव्याने भांडावं लागत नाही. पुल रिक्वेस्ट टाकणाऱ्या सहकाऱ्याला सांगा की ती नाकारलेली नाही, दोन कमिटमध्ये तोडून ३.१० वर आणून पुन्हा टाक. मॅच स्टेटमेंट त्याला तिथेही लिहिता येतील.